वर्गात सगळी मुलं आणि कुलपतिपदी भोपाळची बेगम : अलिगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपतींची गोष्ट

हिंदी चॅनलवर बातमी लागते की अमुक विद्यापीठाच्या कुलपतींना हटवलं. आपण मराठी माणसं दचकतो. कारण आपल्याकडं कुलपती म्हणजे राज्यपाल. मग राज्यपालांनाच हटवलं की काय?

तर तसं काही नसतं. हिंदीत ज्यांना कुलपति म्हणतात ते आपले कुलगुरू. आणि आपण ज्यांना कुलपती म्हणतो, त्यांना हिंदीत कुलाधिपति म्हणतात. शब्द तोच, खुर्ची वेगळी.

या दोन खुर्च्यांमधला फरक साधा आहे. विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू. परीक्षा, निकाल, प्राध्यापकांच्या नेमणुका, मुलांची आंदोलनं, सगळं त्यांच्या डोक्यावर. कुलपती मात्र पदवीदानाच्या दिवशी झगा घालून येतात, मधल्या खुर्चीत बसतात आणि त्यांच्या नावानं पदव्या दिल्या जातात. म्हणजे मान पहिला, पण रोजचं काम जवळपास नाही.

मग हे पद हवंच कशाला, असा प्रश्न दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या राज्यात पेटतो. पश्चिम बंगालमध्ये पेटला, केरळमध्ये पेटला, आपल्याकडंही २०२१ साली विद्यापीठ कायद्यात बदल झाला तेव्हा पेटला.

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं. अलिगढला. तिथं १९२० साली एका विद्यापीठाच्या कुलपतिपदी एक बाई बसल्या. त्या विद्यापीठाच्या वर्गात तेव्हा सगळी मुलंच होती. बाई स्वतः बुरख्यात असायच्या. आणि त्या एका संस्थानाच्या राज्यकर्त्या होत्या.

त्यांचं नाव नवाब सुलतान जहां बेगम. भोपाळच्या बेगम.

आत्ताच्या भाषेत ओळख सांगायची तर सैफ अली खानची खापरपणजी. पण ही ओळख त्यांच्यासाठी फारच तोकडी आहे.

आधी हे कुलपतिपद आलं कुठून ते बघू.

१८५७ साली इंग्रजांनी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं काढली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचा चॅन्सलर म्हणून एखादा मोठा उमराव निवडायची पद्धत होती. भारतात इंग्रजांनी सोपा मार्ग काढला. जो गव्हर्नर तोच चॅन्सलर. मुंबई विद्यापीठाचे पहिले चॅन्सलर होते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन. आज आपल्याकडं राज्यपाल कुलपती असतात, त्याचं मूळ इथं आहे. गव्हर्नर गेले, राज्यपाल आले, खुर्ची तीच राहिली.

पण १९१० नंतर दोन विद्यापीठं अशी उभी राहायला लागली जी सरकारनं नाही तर लोकांनी वर्गणी काढून उभी केली होती. एक बनारस हिंदू विद्यापीठ आणि दुसरं अलिगढ मुस्लिम विद्यापीठ.

आता इथं चॅन्सलर कोण होणार?

दोन्हीकडच्या लोकांच्या मनात सुरुवातीला होतं की खुद्द व्हाईसरॉयनं चॅन्सलर व्हावं. त्यानं विद्यापीठाचं वजन वाढलं असतं. लंडनमधल्या भारतमंत्र्यांना हे पटलं नाही. शेवटी तोडगा असा निघाला की देखरेखीचे खरे अधिकार सरकारकडंच राहतील, त्यासाठी व्हाईसरॉयला लॉर्ड रेक्टर असं वेगळं पद मिळेल, आणि चॅन्सलर मात्र विद्यापीठाचा स्वतःचा माणूस असेल.

थोडक्यात, दांडका सरकारच्या हातात आणि मुकुट समाजाच्या हातात.

बनारसनं १९१५ च्या कायद्यानुसार हा मुकुट म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांच्या डोक्यावर ठेवला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही पुढं बनारसचे कुलपती झाले. संस्थानिकच का, याचं उत्तर सरळ होतं. त्यांच्याकडं पैसा होता, मान होता, आणि इंग्रजांशी बोलायची सोयही होती.

अलिगढचा मुकुट गेला भोपाळला. ते का, हे समजण्यासाठी भोपाळ समजायला हवं.

आपल्याला भोपाळ म्हटलं की बाजीराव पेशवे आठवतात. १७३७ साली त्यांनी निजामाला भोपाळमध्येच कोंडून गुडघ्यावर आणलं होतं. त्याच भोपाळच्या गादीवर पुढं एक वेगळाच इतिहास घडला. १८१९ साली इथल्या नवाबाचा अचानक मृत्यू झाला आणि त्याची तरुण विधवा कुदसिया बेगम हिनं कारभार हातात घेतला. तिच्यानंतर तिची मुलगी सिकंदर बेगम. तिच्यानंतर तिची मुलगी शाहजहां बेगम. आणि तिच्यानंतर तिची मुलगी सुलतान जहां. मधली काही वर्षं सोडली तर १८१९ ते १९२६ भोपाळवर बायकांनीच राज्य केलं.

सुलतान जहां यांचा जन्म ९ जुलै १८५८ चा. वाढवलं आजी सिकंदर बेगमनं. ही आजी घोड्यावर बसून संस्थानभर फिरणारी, हिशेब स्वतः तपासणारी. नातीच्या अभ्यासाकडंही तिचं बारीक लक्ष असायचं. फारसी, इंग्रजी, कुराण, हिशेब, घोडेस्वारी, सगळं शिकवलं गेलं. १८६८ मध्ये आजी गेली. आई शाहजहां गादीवर आली आणि दहा वर्षांची सुलतान जहां वारस ठरली.

इथून पुढं मात्र त्यांचे वाईट दिवस सुरू झाले.

वडील आधीच वारले होते. १८७१ साली आईनं सिद्दीक हसन खान या विद्वान माणसाशी दुसरं लग्न केलं. राज्यकारभारात सावत्र वडिलांचा शब्द चालू लागला आणि मायलेकींमध्ये दुरावा आला. सुलतान जहां यांचं लग्न झालं, मुलं झाली, तरी तो मिटला नाही. त्यांची थोरली मुलगी बिल्कीस आजीकडं वाढत होती. ती लहान वयातच गेली. त्यानंतर उरलासुरला धागाही तुटला. १८८५ मध्ये इंग्रजांनी सिद्दीक हसन यांचे अधिकार काढून घेतले, १८९० मध्ये ते वारले, पण आई आणि मुलगी जवळ आल्या नाहीत.

एकाच शहरात दोन महाल. एकात राज्य करणारी आई, दुसऱ्यात वारस असलेली मुलगी. आणि भेट नाही.

१९०१ मध्ये आई कॅन्सरनं गेली. मनोमिलन शेवटपर्यंत झालं नाही. वयाच्या ४३ व्या वर्षी सुलतान जहां गादीवर बसल्या तेव्हा खजिन्यात फारसं काही उरलं नव्हतं. ज्या नवऱ्याच्या आधारानं ही सगळी वर्षं काढली, ते अहमद अली खान पुढच्या काही महिन्यांतच अचानक वारले.

एवढं झाल्यावर कुणीही दिवाणावर कारभार सोपवून मोकळं झालं असतं. सुलतान जहां यांनी उलट केलं. दौरे सुरू केले. गावोगाव जाऊन सारा, जमिनी, थकबाकी यांचे हिशेब पडद्याआडून स्वतः ऐकले. पोलीस, न्यायालयं, लसीकरण, पाणीपुरवठा, एकेक खातं हातात घेतलं. १९०३ मध्ये भोपाळमध्ये मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली. १९१८ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं पाऊल उचललं. १९२२ मध्ये संस्थानात कायदेमंडळ आणलं.

सोबत लेखनही चालूच होतं. आत्मचरित्र लिहिलं, हजच्या प्रवासाचं वर्णन लिहिलं, घरकाम, आरोग्य, बालसंगोपन यांवर पुस्तकं लिहिली.

आणि हो, पडदा. १९११ च्या दिल्ली दरबारातला त्यांचा फोटो बघा. भोवती देशभरातले राजे-महाराजे, आणि मधे डोक्यापासून पायापर्यंत बुरखा घेतलेली ही बाई. त्या बुरख्यावर मुकुट आणि छातीवर पदकं. त्याच वर्षी त्या पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी लंडनला जाऊन आल्या, तुर्कस्तानच्या सुलतानाला भेटून आल्या. सगळीकडं बुरख्यातच. पडदा का आवश्यक आहे, यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं.

आजच्या नजरेनं हे विचित्र वाटेल. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. मुलींना शाळेत न पाठवायला समाज पडद्याचं कारण पुढं करायचा. बेगमसाहेबांनी ते कारणच काढून घेतलं. पडदा ठेवा, पण शाळेत पाठवा. पडद्याच्या आत शाळा, पडद्याच्या आत दवाखाना, पडद्याच्या आत क्लब. भोपाळमध्ये त्यांनी बायकांसाठी प्रिन्सेस ऑफ वेल्स क्लब काढला, तो याच हिशेबानं.

आता येऊ अलिगढकडं.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलिगढला शाळा काढली, तिचं पुढं मोहम्मडन अँग्लो ओरिएंटल कॉलेज झालं. मुसलमान मुलांनी इंग्रजी आणि विज्ञान शिकावं यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. पण मुलींच्या शाळांबाबत ते कचरत राहिले. आधी पुरुष शिकू द्या, मग बायकांचं बघू, अशी त्यांची भूमिका होती.

१८९८ मध्ये सर सय्यद गेले. त्यानंतर शेख अब्दुल्ला या अलिगढच्याच माजी विद्यार्थ्यानं पत्नी वहीद जहां यांच्यासोबत तिथं मुलींची शाळा काढायचं ठरवलं. अलिगढच्या जुन्या मंडळींचा विरोध होता. पैसे नव्हते. तेव्हा त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या भोपाळच्या बेगम. त्यांनी नियमित अनुदान सुरू केलं. १९०६ मध्ये शाळा सुरू झाली. १९१४ मध्ये शाळेच्या वसतिगृहाचं उद्घाटन करायला त्या स्वतः आल्या. ज्या शाळेत स्वतः एक राज्यकर्ती बेगम येऊन जाते, त्या शाळेत मुलगी पाठवायला लाज कसली?

पुढं याच शाळेतून इस्मत चुगताईंसारखी लेखिका शिकून बाहेर पडली.

इकडं कॉलेजचं विद्यापीठ करायची मोहीम जोरात होती. आगा खान देशभर फिरून निधी गोळा करत होते. सरकारनं अट घातली होती की आधी मोठा निधी दाखवा. तब्बल ३० लाख रुपये उभे करायचं लक्ष्य होतं. श्रीमंत नवाबांपासून ते आठ आणे देणाऱ्या सामान्य माणसापर्यंत सगळ्यांनी हात लावला. देणगीदारांत भोपाळचं नाव वर होतं. बेगमसाहेबांचा धाकटा मुलगा हमीदुल्ला खानही याच अलिगढ कॉलेजात शिकत होता. राजपुत्रांसाठी इंग्रजांनी वेगळी कॉलेजं काढलेली असताना आईनं त्याला साध्या मुलांसोबत बसवलं होतं.

अखेर १९२० मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ डिसेंबर १९२० पासून कॉलेजचं विद्यापीठ झालं. राजा महमूदाबाद पहिले कुलगुरू झाले. आणि कुलपती झाल्या नवाब सुलतान जहां बेगम.

पण थांबा. हा क्षण वाटतो तितका आनंदाचा नव्हता.

त्याच वर्षी असहकार आणि खिलाफत चळवळ पेटली होती. ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलिगढला आले. सरकारी अनुदान सोडा, सरकारी शिक्षणावर बहिष्कार घाला, असं आवाहन त्यांनी केलं. विश्वस्तांनी नकार दिला. मग विद्यार्थी आणि शिक्षकांचा एक गट बाहेर पडला आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी त्यांनी अलिगढमध्येच जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना केली. बाहेर पडणाऱ्यांमध्ये झाकीर हुसेन नावाचा तरुणही होता, जो पुढं देशाचा राष्ट्रपती झाला.

म्हणजे जामिया निघाली आणि पाचव्या आठवड्यात बेगमसाहेबांचं विद्यापीठ सुरू झालं. एकाच गावात. एकीकडं इंग्रजांशी काडीमोड घेणारे, दुसरीकडं इंग्रजांच्या कायद्यानं उभं राहिलेलं विद्यापीठ. बेगमसाहेब उघडपणे दुसऱ्या बाजूला होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांना मदत केली होती, मोठमोठे किताब मिळवले होते. त्या काळच्या कित्येक देशभक्तांना ही निष्ठा खुपली, आणि ते खुपणं चुकीचं नव्हतं. संस्थानिकाची गादी इंग्रजांच्या मर्जीवर टिकलेली होती, हे सत्य त्यांनाही लागू होतं.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. विद्यापीठ अर्धं रिकामं व्हायची वेळ आली असताना डोक्यावर असं नाव हवं होतं ज्याच्याबद्दल सरकारला शंका नव्हती आणि समाजालाही आदर होता. शोभेच्या पदाचा उपयोग होतो तो अशा वेळी.

१९२२ मध्ये अलिगढ विद्यापीठाचा पहिला पदवीदान समारंभ झाला. पदव्या घेणारे तरुण आणि त्यांच्या विद्यापीठाच्या सर्वोच्च पदावर एक बाई. त्या काळात ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवात करून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि केंब्रिज तर अजूनही त्यांना पूर्ण पदवी द्यायला तयार नव्हतं.

अलिगढमध्ये कुलपती रोजच्या कारभारात नसायच्या. कुलगुरू, कार्यकारी मंडळ, विद्वत्सभा यांचं काम त्यांचं त्यांनी करायचं. कुलपतींनी विद्यापीठाच्या सर्वात मोठ्या सभेचं, म्हणजे कोर्टाचं आणि पदवीदानाचं अध्यक्षपद भूषवायचं. पण भांडणं झाली की सगळे वर बघतात. अलिगढमध्ये भांडणं झालीच. गटबाजी वाढली, परीक्षांच्या दर्जावर बोटं दाखवली जाऊ लागली. १९२७ मध्ये चौकशी समिती बसली. तिचे प्रमुख होते आपल्या मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला. समितीच्या अहवालानंतर जुना कारभार हलला आणि १९२९ मध्ये सर सय्यद यांचे नातू रॉस मसूद कुलगुरू म्हणून आले. विद्यापीठाची घडी पुन्हा बसायला लागली. हे सगळं घडत असताना कुलपतींची खुर्ची मात्र हलली नाही. सलग दहा वर्षं ती भोपाळकडंच राहिली.

या दहा वर्षांत बेगमसाहेबांच्या घरात काय चाललं होतं?

१९२४ मध्ये एकाच वर्षात त्यांची दोन थोरली मुलं गेली. आधी उबैदुल्ला, मग नसरुल्ला. उरला धाकटा हमीदुल्ला. पण थोरल्या मुलाचा मुलगा वारस व्हावा, असा कायद्याचा एक अर्थ निघत होता. बेगमसाहेबांना हमीदुल्लाच हवा होता. भोपाळला बसून निर्णय लागेना तेव्हा ६७ वर्षांच्या या बाईंनी सरळ लंडन गाठलं. महिनोनमहिने तिथं राहून त्यांनी हमीदुल्लाचा हक्क मान्य करून घेतला आणि पुन्हा वाद उकरला जाऊ नये म्हणून १९२६ मध्ये स्वतःच गादी सोडली.

बायकांच्या राज्याची परंपरा अशी एका आईनं मुलासाठी स्वतःच्या हातानं थांबवली. बायकांच्या हक्कांसाठी झटलेल्या बाईनं हे करावं, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विरोधाभास. पण हमीदुल्ला यांना तिन्ही मुलीच झाल्या आणि वारसाचा प्रश्न पुन्हा मुलींकडंच आला, ही त्यापुढची गंमत.

राज्य सोडलं, पण अलिगढचं कुलपतिपद सोडलं नाही.

इथं एक पुण्याचा धागा आहे. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. विषय होता मुलींचं शिक्षण. दुसऱ्या वर्षी, १९२८ मध्ये, दिल्लीत अधिवेशन झालं आणि अध्यक्षपदी होत्या भोपाळच्या सुलतान जहां बेगम. पुण्यात पेटलेली ज्योत दिल्लीत त्यांच्या हातात आली. बालविवाह मुलींच्या शिक्षणाच्या मुळावर कसा येतो, हा या परिषदेपुढचा मोठा प्रश्न होता.

आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जाहीरपणे चेहऱ्यावरचा पडदा दूर केला. ज्या बाईनं पडद्याच्या बाजूनं पुस्तक लिहिलं, तिनंच सत्तरीत तो सोडला. तोपर्यंत मुली शाळेत यायला लागल्या होत्या. ज्या कामासाठी पडदा जपला, ते काम मार्गी लागलं होतं.

१२ मे १९३० रोजी सुलतान जहां बेगम गेल्या. त्यांच्यानंतर अलिगढचे कुलपती झाले त्यांचेच पुत्र हमीदुल्ला खान.

स्वातंत्र्यानंतर लॉर्ड रेक्टर गेले आणि त्यांच्या जागी राष्ट्रपती अलिगढचे व्हिजिटर झाले. कुलपती निवडायची पद्धत मात्र राहिली. आपल्या राज्य विद्यापीठांत मुंबईचा जुना नमुना चालू आहे, राज्यपाल आपोआप कुलपती. एकाच पदाच्या या दोन तऱ्हा. एकात खुर्ची पदामुळं मिळते, दुसऱ्यात माणसामुळं.

मग शोभेच्या पदाचा उपयोग काय, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर?

मधल्या खुर्चीत कोण बसलंय हे समोरच्या प्रत्येक मुलाला दिसत असतं. १९२० मध्ये अलिगढच्या मुलांना तिथं एक बाई दिसली. त्यांच्या घरातल्या बहिणींना अजून शाळेत जायची परवानगी नव्हती, पण त्यांच्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचं नाव होतं, त्याची प्रमुख एक बाई होती. तिनं एकही वर्ग घेतला नाही की एकही वेळापत्रक लावलं नाही. पण त्यानंतर बायकांना शिकवून काय करायचं, हे त्या कॅम्पसमध्ये उभं राहून म्हणणं अवघड झालं.

अवघड झालं, अशक्य नाही. कारण कुलपतिपदाचा मान पहिल्याच दिवशी बाईला देणाऱ्या या विद्यापीठाला कारभार बाईच्या हातात द्यायला १०४ वर्षं लागली. अलिगढला पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या त्या एप्रिल २०२४ मध्ये, नईमा खातून यांच्या रूपानं. त्याआधी त्या तिथल्या महिला कॉलेजच्या प्राचार्या होत्या. हे कॉलेज म्हणजे १९०६ मधल्या त्याच शाळेचं मोठं झालेलं रूप, जिच्या वसतिगृहाचं दार बेगमसाहेबांनी उघडलं होतं.

आज अलिगढच्या कॅम्पसवर मुलींचं एक वसतिगृह आहे. त्याचं नाव बेगम सुलतान जहां हॉल.